लाल्या, निळ्या आणि शेवटचा पूल

केडगावात पुणे रोडच्या आतल्या गल्लीत विष्णुपंतांचं घर विचारा, कोणीही सांगेल, "ते गेमवाले आजोबा ना?" गेमवाले म्हणजे दुकानदार नव्हेत हं. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला, सकाळची संध्या न चुकवणारा हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ रोज दुपारी टीव्हीसमोर मांडी ठोकून व्हिडिओ गेम खेळायचा. तोही मोबाईलवरचा नाही. कॅसेट खोचायची, फुंकर मारायची, मग खेळायचं, तो जुना डबा. लोक हसायचे. हसोत बापडे! ज्याला पत्त्यांत गाढव होण्यापलीकडे काही येत नाही त्याने दुसऱ्याच्या खेळाला नावं ठेवू नयेत.

सगळ्यात आवडत्या गेम कोणत्या, एवढं विचारायचा अवकाश, की विष्णुपंत खुलायचे. तिसरा नंबर रणगाड्यांना. विटांचा किल्ला राखायचा आणि समोर येईल त्याला उडवायचं. साहेबावरचा राग काढायला याहून स्वस्त उपाय नाही. दुसरा नंबर बंदुकीने बदकं टिपायच्या गेमला, तोही बायकोमुळे. ती बिचारी तेवढी एकच गेम खेळायची, आणि बदक हुकलं की "वाचलं गं बाई" म्हणून खूश व्हायची. बायको गेली तशी ती कॅसेट त्यांनी पुन्हा लावली नाही. आणि पहिला नंबर? तिथे वादच नको. लाल्या-निळ्या.

त्या गेमचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅसेटवर सगळी चिनी अक्षरं. मुलगा सुहास शाळेत असताना माळीवाड्याच्या बाजारातून आणलेली. पडद्यावर दोन बुटके गडी, एक लाल, एक निळा. लाल्या सुहासचा, निळ्या बाबांचा. काटे, आगी, वटवाघळं चुकवत दोघांनी मिळून पुढे जायचं. लेव्हल पार झाली की एक धून वाजायची, जेवढे गडी पोचले तेवढ्या वेळा. दोघं पोचले तर दोनदा. ती दुसरी धून वाजली की सुहास गादीवर उड्या मारायचा आणि स्वयंपाकघरातून ओरडा यायचा.

शेवटी एक मोठं दार होतं. दारापुढे दोन दगड. दोघांनी एकाच वेळी आपापल्या दगडावर उभं राहिलं तरच ते उघडे. एकट्याने खेळलं तर गेम तिथेच संपे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सुहासच्या दहावीच्या वर्षी बापलेकांनी एकदा ते दार उघडलं होतं. पलीकडे एक पूल दिसला, आणि लाईट गेली! अशा वेळी बरोब्बर जाते ना, तशीच गेली. मग दहावी म्हणून कॅसेट कपाटात, मग इंजिनिअरिंग, मग कॅनडा. पुलापलीकडे काय आहे, ते राहूनच गेलं.

रिटायर झाल्यावर विष्णुपंतांनी डबा खाली काढला. रोज दारापर्यंत जायचे आणि थांबायचे. वरच्या मजल्यावरची भाडेकरू देवश्री म्हणालीसुद्धा, "काका, मी धरते की लाल्या. उघडू या ते दार."

"छे! तो रिमोट सुहासचा आहे," विष्णुपंत म्हणाले. "तो आला की उघडू." तो लाल बटणांचा रिमोट ते रोज पुसून टीव्हीवर ठेवायचे. माणसाने इतकं हट्टी असू नये, पण होते.

आणि मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा खराब झालाय. कडेकडेचं दिसायचं, मधोमध मात्र काळा डाग. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. देवश्रीने डोळ्यांत इंजेक्शनं घ्यायला नेऊन आणलं, पण गेलेली नजर काही परत आली नाही. विष्णुपंतांनी तिला आईची शपथ घातली, "सुहासला कळता कामा नये. तिकडे बसून काळजी करेल, नाहीतर मला कुठल्यातरी आश्रमात टाकायच्या गोष्टी काढेल." व्हिडिओ कॉलवर हसून म्हणायचे, "मी ठणठणीत!"

गेम मात्र थांबली नाही. इतक्या वर्षांत प्रत्येक काटा, प्रत्येक वटवाघूळ बोटांना पाठ झालं होतं. निळ्याच्या पावलांचा टकटक आवाज ऐकायचा, आणि कुठे उडी मारायची ते बोटं सांगायची. डोळे गेले तरी दार चुकत नव्हतं.

अकोल्याला चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि सुहास आला, एकटाच, आठवड्यासाठी. विष्णुपंतांची तारांबळ उडाली. पण माणूस पक्का! घर पायाखालचं होतं. पान देवश्री वाढायची, रीतसर. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. शास्त्राने वाढलेल्या पानाला डोळे लागतात कुठे? सुहाससमोर ते ऐटीत जेवले, एक शीत सांडलं नाही. फक्त एकच गोष्ट जमत नव्हती. इतक्या वर्षांनी आलेल्या मुलाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा काही केल्या दिसत नव्हता. तिरकी मान करून किती वेळ बघितलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

"सुहास, आपली गेम राहिलीय हं," ते रोज म्हणायचे.

"खेळू ना बाबा, उद्या नक्की." मग लग्न, मग शिर्डी, मग मित्र, मग झोप. उद्याचं काही खरं नसतं. करता करता निघायचा दिवस उजाडला. गाडी चारला यायची होती. जेवणं आटोपल्यावर सुहासनेच टीव्हीवरचा रिमोट उचलला.

"चला बाबा, उघडू तुमचं दार."

काय खेळले म्हणता! काटे झाले, आगी झाल्या. सुहासचा लाल्या दोनदा पडला, निळ्याचा एकही जीव गेला नाही. "बाबा, तुम्ही भारीच आहात राव!" सुहास म्हणाला, आणि विष्णुपंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रत्येक लेव्हलला धून दोनदा वाजत होती. दार आलं. दोघं दगडांवर उभे राहिले. घर्र करून दार उघडलं.

आणि विष्णुपंतांची बोटं बटणांवर थबकली.

पूल! आयुष्यात एकदाही पूल खेळलेच नव्हते. दारापर्यंतचं सगळं पाठ, दारापुढचं काहीच नाही. किती फळ्या, कुठली पडते, बोटांना काय ठाऊक? रोज दारापाशी थांबलो, देवश्री म्हणत होती तेव्हा ऐकलं असतं तर! पण आता काय उपयोग? त्यांनी अंदाजाने उडी मारली. निळ्या खाली.

"असू दे, दोन जीव आहेत अजून," सुहास म्हणाला. "माझ्यामागून या. आत्ता. उडी!"

पुन्हा खाली.

"बाबा, अहो समोर फळी आहे की! एवढी मोठी, पिवळी!" सुहास बोलता बोलता थांबला. विष्णुपंतांनी टीव्हीकडे मान तिरकी केली होती, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. सुहासने टीव्हीवरची नजर काढून बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं.

बाहेर हॉर्न वाजला. गाडीवाला भिमाजी दारातून डोकावला. "साहेब, निघायला पायजे. चाकणला लई ट्रॅफिक हाय, इमान चुकंल तुमचं."

विष्णुपंतांनी तिसरी उडी मारली. निळ्या संपला. कॅसेटच्या गेमला पुन्हा तिथून सुरुवात नसते. करायचं तर पार पहिल्यापासून. तेवढा वेळ कोणाकडे होता?

"तू जा पुढे," विष्णुपंत म्हणाले. "अरे जा! तू थांबून मी थोडाच येणार आहे?" विमानतळावर पहिल्यांदा सोडायला गेले होते तेव्हाही हेच म्हणाले होते.

एकट्या लाल्याची पावलं टकटक करत लांब गेली. विष्णुपंत उगीचच आपलं उडीचं बटण दाबत राहिले. मग पावलं थांबली. धून वाजली. विष्णुपंत श्वास रोखून बसले. दुसऱ्यांदा वाजली नाही.

"काय आहे रे पलीकडे?"

सुहासने रिमोट खाली ठेवला. "घर आहे बाबा. छोटंसं. दिवा लावलाय. आणि... दोघंही पोचलेत. लाल्या आणि निळ्या. दोघं ओसरीवर बसलेत."

"असं होय?" विष्णुपंत म्हणाले. "छान. झालं एकदाचं."

पोराने खोटं सांगितलं म्हणजे पोराला सगळं कळलं. आता त्याला म्हणायचं तरी काय? राहा म्हणायचं? कुणाच्या जिवावर? आणि त्याने तरी काय म्हणायचं, चला म्हणायचं? दोघंही उठले. दह्याचा चमचा हातावर पडला, सुहास पाया पडला, बॅगा डिकीत गेल्या. फाटकापाशी त्याने बाबांचा हात हातात घेतला आणि तो सोडेचना. भिमाजीने इंजिन सुरू केलं.

"पोचलास की मिस्ड कॉल दे हं," विष्णुपंत नेहमीच्या सवयीने म्हणाले. "एकदाच वाजलं तरी मला कळतं."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मघाशी धूनही एकदाच वाजली होती.

सुहासचा हात एकदम थंड पडला. विष्णुपंतांना गाडीचं उघडं दार दिसत होतं, त्याचा खांदा दिसत होता, कान दिसत होता. चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.