शिंप्याच्या हातचं वायरिंग

आमचे धाकटे दीर शिंपी आहेत आणि त्यांना गाडी चालवता येत नाही. तरीही बायकोच्या गाडीत अलार्म आणि घरात बसून इंजिन सुरू करायचा रिमोट त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला. मी टॉर्च धरून शेजारी उभी होते, म्हणून सगळं मला माहीत.

गाडी माझ्या धाकट्या जावेची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, ड्युटी सकाळी सहाची. आमचं गाव डोंगरावरचं, हिवाळ्यात त्या वेळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. ती तो खरवडायची, मग इंजिन गरम होईपर्यंत गारठलेल्या सीटवर बसून राहायची, आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत खोकून खोकून अर्धी व्हायची. मागच्या हिवाळ्यात दोनदा अंथरूण धरलं. यंदा डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "गार हवेत बसणं बंद करा, नाहीतर ही नोकरी तरी." लॅबमध्ये दुसरी ड्युटी नव्हती. एकोणीस वर्षं केलेली नोकरी अशी खोकल्यापायी सोडायची, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. एरवी बडबडी बाई, पण त्या दिवसापासून नुसती हूं हूं करत होती.

तिचा मोठा भाऊ गॅरेजवाला. त्यानेच रिमोटचं सुचवलं. "दहा मिनिटं आधी बटण दाबायचं, गाडी आपोआप गरम. मी बसवून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मी बसवीन," भाऊजी म्हणाले.

"दाजी, तुम्ही सदऱ्याला बटणं लावा. हे वायरचं काम आहे."

"बटणच आहे ना हेही?"

मेहुणा हसला तो हसलाच, आणि तिथेच भाऊजींनी मनाशी गाठ मारली. दुसऱ्याच दिवशी जाऊन ते खोका घेऊन आले.

शनिवारी सकाळी गाडी त्यांनी दारातल्या सपाट जागेवर घेतली. घेतली म्हणजे, बायकोलाही चालवू न देता, आम्हा दोघी जावांना ढकलायला लावली आणि ते स्टिअरिंग धरून "हळू, हळू" करत राहिले. मग बॅटरीची वायर सोडवली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि पाठीवर झोपून आत डोकं घातलं.

"वहिनी, अस्तर उसवलं की आतला शिंपी कळतो बघा," आतून आवाज आला. "हा कुणीतरी घाईतला होता."

मी तोवर बरेच मेकॅनिक पाहिले होते, पण असं काम पाहिलं नव्हतं. मेकॅनिक वायर कापतो आणि जोडतो. भाऊजींनी आधी प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि मापाच्या वहीत लिहून ठेवलं: पिवळा दोरा म्हणजे चावीचा करंट, हिरवा म्हणजे स्टार्टर, निळा ब्रेकचा, गुलाबी दरवाजाचा. प्रत्येक वायर टेस्टरने दोनदा तपासली. मग सगळे जोड नुसते पिळून घातले. "हे कच्चे टाके. आधी ट्रायल, मग शिलाई." ट्रायल बरोबर आली तेव्हाच त्यांनी जोडांना सोल्डरिंगचा डाख दिला, त्यावर टेप गुंडाळली, आणि सगळ्या वायरी एकत्र धरून मेण लावलेल्या दोऱ्याने बोटा-बोटाच्या अंतरावर बांधून टाकल्या. कोटाच्या आतली शिवण कुणाला दिसत नाही, तरी ती सरळच असायला हवी, हा त्यांचा जुना हट्ट.

शनिवारी संध्याकाळपर्यंत अलार्म वाजला, दरवाजे रिमोटवर लागायला-उघडायला लागले. रविवारी दुपारी त्यांनी स्टार्टरचं बटण दाबलं आणि रिकामी गाडी एकटीच गुरगुरायला लागली. जाऊ टाळ्या वाजवत बाहेर आली. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून पूर्ण वाक्य आलं, "अहो, जमलं की तुम्हाला."

एकच गोष्ट राहिली होती. खोक्यातल्या यंत्राला पांढऱ्या वायरची एक छोटी कडी होती. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं की हाताने गिअर टाकायच्या गाडीत ही कडी कापावी. भाऊजींनी ते वाचलं, मलाही वाचून दाखवलं, आणि कडी तशीच ठेवली.

"न कापता चालतंय ना? मग अखंड वस्तूला कात्री कशाला लावायची? एकदा कापलं की कापलं."

चाळीस वर्षं कापड बेतणाऱ्या माणसाचं हे तत्त्व, आणि मलाही ते पटलं. आम्हा दोघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येणार?

संध्याकाळी जाऊ गाडी घेऊन भाजी आणायला गेली. परत आल्यावर गाडी रोजच्या जागी, फाटकाजवळच्या चढावर लावली. तिथे हँडब्रेक नीट धरत नाही, म्हणून ती गेली तीन वर्षं गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच बंद करते. पिशव्या घेऊन ती गाडीच्या पुढून वळून घरात आली. तेवढ्यात माझे यजमान वरून उतरले आणि म्हणाले, "काय रे, तुझी जादू आम्हाला नाही दाखवलीस."

भाऊजींनी खिडकीतून बटण दाबलं.

गाडीने बेडकासारखी उडी मारली. पुढच्या पाण्याच्या पिंपावर आदळून बंद पडली, आणि अलार्म गल्लीभर बोंबलायला लागला. पिंपाला हातभर पोचा. भाऊजींना रिमोटवरचं कुठलंच बटण सुचेना. शेवटी जावेनेच तो त्यांच्या हातातून घेऊन आवाज बंद केला.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी आत्ता तिथूनच आले."



तिने रिमोट कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. "राहू दे आता. खोकला परवडला. उद्या ड्युटीवर गेले की साहेबांशी बोलते."

"काय बोलतेस?"

"काय बोलणार? माझ्या जागी दुसरी मुलगी बघा म्हणून."

भाऊजी बाहेर पायरीवर जाऊन बसले. गुडघ्यावर तो माहितीचा कागद उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, या वेळी बोट फिरवत. मी शेजारी बसले. वाचता वाचता म्हणाले, "वहिनी, गिअर म्हणजे नेमकं काय असतं?" मी म्हटलं, मला विचारून काय उपयोग? त्यांनी मान हलवली, खिशातून फोन काढला आणि ज्याला म्हणून सांगायचं नाही असं ठरवलं होतं, त्यालाच लावला.

मेहुणा पंधरा मिनिटांत आला. आधी पिंप पाहिलं, मग गाडीचा बंपर, मग दाजींचं तोंड. थट्टा त्याच्या ओठांवर आलेली मला दिसत होती. तो आडवा झाला, स्टिअरिंगखाली टॉर्च मारला, आणि बराच वेळ नुसते त्याचे पायच बाहेर दिसत राहिले.

"हे दोऱ्याने कुणी बांधलं?"

"मी."

"सुटत नाही का?"

"मेण लावलंय. एक वेळ गाडीचे भाग सुटतील, तो दोरा सुटणार नाही."

मेहुण्याने दोऱ्याला एकदा, दोनदा ओढून बघितलं. "दाजी, काम झकास आहे," तो आतूनच म्हणाला. "पण ही कडी का नाही कापली?"

भाऊजींनी कारण सांगितलं. मेहुणा हसला नाही. त्याने नीट समजावलं. कडी अखंड असली की यंत्र समजतं, गाडी बिनगिअरची आहे, कधीही चालू करा. कापली की यंत्राची एक अट लागते: गाडी लावताना गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची. इंजिन तरीही चालूच राहतं. बाहेर येऊन दार लावलं की मगच ते आपलं आपण बंद होतं. गिअर पडलेला असेल तर क्लचवरचा पाय काढताच गाडी हिसका देते, म्हणजे बाहेर यायच्या आतच कळतं. ही अट पाळली नाही, किंवा नंतर कुणी दार उघडलं, तर सकाळी बटण कितीही दाबा, इंजिन लागतच नाही.

"म्हणजे मला गिअर काढून चढावर उभी करायची?" जाऊ दारातूनच म्हणाली. "तुझा हँडब्रेक धरतो का, दादा? तीन वर्षं सांगतेय."

मेहुण्याने लगेच गाडीखाली जाऊन हँडब्रेकची केबल आवळली. भाऊजी दुकानातली बारकी कात्री घेऊन आले. कडीपाशी दोन क्षण थांबले, जाड कोटाच्या कापडापाशी थांबतात तसे, आणि कापली. जावेने स्वतः सहा वेळा चढावर गाडी लावून, उतरून, दार आपटून पाहिलं. सहाही वेळा गाडी तसूभर सरकली नाही. तरीही, उद्या बटण दाबेन, असं काही ती म्हणाली नाही. साहेबांशी बोलायचं राहू दे, असंही नाही.

सोमवारी पहाटे दुधाचं भांडं परत द्यायचं निमित्त करून मी खाली गेले. बाहेर काच पांढरी झालेली. जाऊ कोट चढवून, मफलर गुंडाळून खिडकीशी उभी. कपाटातला रिमोट आता टेबलावर.

"दाब ना," भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच दाबा."

"ज्याला चालवता येत नाही त्याने दाबल्यावर काय होतं ते काल बघितलं."

तिने रिमोट उचलला. अंगणात कुणी नाही ना पाहिलं. "ताई, तुम्ही दारातून आत या आधी," मला म्हणाली. मी आत आले. मग तिने अंगठा टेकवला.

दिवे दोनदा लुकलुकले आणि इंजिन लागलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. जाऊ मिनिटभर तिच्याकडे टक लावून बघत राहिली, हे जनावर आता काय करतंय अशा नजरेने. जनावर काहीच करत नव्हतं, नुसतं ऊब धरत होतं.

"आता दहा मिनिटं मी काय करू?"

भाऊजींनी खुर्ची ओढून दिली आणि समोर चहाचा कप ठेवला. सकाळचा चहा बसून प्यायचा हे तिच्या अंगवळणी नव्हतं. कोटासकट ती खुर्चीच्या टोकाशी टेकली, एक घोट घेतला.

"साखर कमी आहे."

"एकोणीस वर्षं एवढीच असते. उभ्याने कळत नसेल."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग बाहेर. काचेवरचा बर्फ मधोमध वितळून खाली ओघळायला लागला होता. घड्याळाकडे पाहत ती खुर्चीत मागे रेलली आणि कप पुढे केला.

"अजून चार मिनिटं आहेत. घाला अर्धा. आणि साखर."