डावऱ्या जावेची गोष्ट

माझ्या जिभेला हाड नाही, हे आईनं मला फार लहानपणी सांगून टाकलं होतं. माहेरी ते कुणी मनावर घेतलं नाही. सासरी मात्र त्या जिभेला कामच मिळालं. मी बायकांना वाचून दाखवायला लागले.

पिंपळे गुरवला मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आळीत सातवी पास झालेली बाई मी एकटीच होते. वडील शाळामास्तर, म्हणून ही चैन. सासरी नदीकाठची शेती होती. ती धाकटे दीर बघायचे. आमचे हे औताला कंटाळून पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात लागले होते. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे. ‘आज माझी फस्ट शिफ्ट’ असं त्यांनी सांगितलं की सासूबाई काही न विचारता त्यांच्या ताटात एक भाकरी जास्त वाढायच्या.

कारखान्यातल्या कुणा सोबत्याला वाचनाचा नाद होता. त्याच्याकडून हे दर महिन्याला माझ्यासाठी एक मासिक मागून आणत. दुपारी पुरुष कामावर गेले की आमच्या ओसरीवर पाच-सहा बायका सूप घेऊन जमायच्या. कुणी ज्वारी निवडायची, कुणी शेंगा फोडायची. मला निवडणं-टिपणं माफ होतं. मी फक्त वाचायचं. सगळ्या मला मास्तरीण म्हणायच्या आणि मला ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

मासिकात एक लांबलचक गोष्ट चालली होती, दर अंकात थोडी थोडी. एका घरात दोन जावा. थोरली सोशिक, धाकटी खाष्ट. पण लेखक इतका सभ्य की त्या खाष्ट बाईला एक वाईट काम करायला तीन-तीन महिने लागायचे. बाकी सगळं चांदणं आणि वेली. बायका जांभया द्यायला लागल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या आजी होत्या, त्यांनी एकदा विचारलंच, ‘ए मास्तरीण, ती बया चांदन्यातनं घरात कवा येनार?’

मी तिला घरात आणलं. पान समोर धरलं, नजर अक्षरांवर ठेवली आणि मनातलंच वाचलं. धाकटीनं थोरलीच्या दुधात मीठ टाकलं, तिच्या नावानं नवऱ्याचे कान भरले. बायकांचे हात थांबले. ‘मुडदा बशिवला तिचा!’ आजी म्हणाल्या. त्या लेखकाला वर्षभरात जे जमलं नाही ते मला एका दुपारी जमलं होतं. मग मी मागं कशाला बघते!

आता माझ्या खऱ्या धाकट्या जावेविषयी सांगायला हवं. ती चाकणजवळच्या महाळुंग्याची. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, अठरा-एकोणीस वर्षांची, अक्षरशत्रू. हसायला लागली की सगळं अंग हसायचं. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन नदीची चढण चढायची आणि वर येऊन गाणं म्हणायची. सासूबाईंचा जीव की प्राण. आणि ती डावरी होती. भाकरी डाव्या हातानं थापायची, आणि अशी गोल की माझ्या उजव्या हाताच्या भाकऱ्या तिच्यापुढं नकाशासारख्या दिसायच्या.

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं.

तर गोष्टीतली खाष्ट जाऊ डावरी कधी झाली, ते मला कळलंही नाही. नाही, हेही खोटंच. चांगलं कळलं होतं. ‘तिनं आपल्या डाव्या हातानं मीठ उचललं’ असं मी वाचलं, तेव्हा छातीत कसं गार वाटलं ते मला अजून आठवतंय. धाकटी मात्र खूश झाली. ‘आक्का, ती पन माझ्यावानी डावरी हाय?’

‘छापलंय तसं,’ मी म्हणाले.

पावसाळा संपता संपता धाकटीला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. मीही हसत होते, गाल दुखेपर्यंत. एक दिवस सकाळी मी पाण्याची घागर घेऊन आत येत होते, तर चुलीपाशी सासूबाई तिला सांगत होत्या, ‘थोरलीच्या म्होरं खात जाऊ नगंस. तिची नजर बरी न्हाई.’

‘काय तरीच, आत्याबाई,’ धाकटी हसून म्हणाली. ‘आक्का तसल्या न्हाईत.’

दोन्ही वाक्यं मी ऐकली. पण पहिल्यानं मन असं काठोकाठ भरलं होतं की दुसऱ्याला जागाच उरली नाही.

त्या दुपारी मासिकात चांदणंच होतं. मी पान उलटलं आणि वाचलं, ‘त्या डावरीच्या पापाचा घडा भरला. तिचं मूल पाळण्यापर्यंत पोचलंच नाही.’

‘बरं झालं,’ एक जण म्हणाली. ‘देवाघरी न्याव हाय,’ दुसरी म्हणाली.

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं. मी राक्षसिणीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्यांना सुळे असायचे, केस मोकळे असायचे. माझे केस तेल लावून चापून चोपून बसवलेले होते आणि मांडीवर मासिक होतं. पुढं आयुष्यात माझ्याही चार गोष्टी छापून आल्या. वाईट माणसं तुम्हाला इतकी खरी कशी जमतात, असं कुणी कौतुकानं विचारलं की मी त्यांच्यापुढं चहा ठेवते.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीनं डावा हात वापरणं बंद केलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग भाकऱ्या तुटायला लागल्या. उजव्या हातानं तव्यावरची भाकरी उलटताना तिची बोटं भाजली. हंडा कलंडला. त्यात तिनं उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय मध्येच एखादी चतुर्थी. पाच महिन्यांची पोटुशी बाई, आणि गळ्याची हाडं दिसायला लागली. गाणं तर बंदच झालं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका नाही, वास नाही. म्हणजे दृष्ट जबरी! त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. माझा स्वभाव असा की एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण या खेपेला सासूबाईंचं बरोबर होतं. फक्त दृष्ट डोळ्यांनी लागली नव्हती, तोंडानं लागली होती.

मी तिला गोठ्यापाशी गाठलं. ‘खात का नाहीस?’

ती शेण गोळा करत राहिली, उजव्या हातानं. मग म्हणाली, ‘आक्का, त्या बाईचं पोर ती डावरी व्हती म्हनून गेलं, का पापानं गेलं?’

‘अगं, ती गोष्ट आहे.’

‘पर छापल्याली हाय न्हवं? पोथी छापल्याली असती, सरकारचा कागद छापल्याला असतो. छापल्यालं खोटं असतंय व्हय?’

खरं सांगायची तीच वेळ होती. पण माणूस मुळात चोर असला की आधी पळवाट शोधतो. दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी मासिक उघडून गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की, कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलंय, मागं छापण्यात चूक झाली होती, त्या बाईचं मूल सुखरूप आहे. आजी इतक्या हसल्या की सुपातले दाणे सांडले. ‘मेल्यालं पोर छापून जितं व्हतंय व्हय गं? मग माझ्या म्हाताऱ्याला बी छाप की!’ सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही.

मग मात्र माझा धीर सुटला. संध्याकाळी चुलीपाशी मी तिला सगळं सांगितलं. ती डावरी मासिकात कुठंच नाही. ते मूलही नाही. मी पदरचं घातलं.

तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. ‘आत्ता सांगताय ते तरी खरं कशावरनं?’

मी मासिकाचं पान तिच्यापुढं धरलं. तिला सगळी अक्षरं सारखीच. माझ्याशिवाय घरात वाचता येणारं एकच माणूस होतं, आणि ते नुकतंच सायकल भिंतीला टेकवून हातपाय धूत होतं. मोठ्या दिरासमोर ती येत नसे. तिला मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं आणि मासिक यांच्या हातात दिलं. ‘मोठ्यानं वाचा.’

‘अगं, कारखान्यातनं येतोय मी.’

‘वाचा म्हणते ना!’

बिचारे वाचायला लागले. शब्दाशब्दाला अडखळत, जणू यंत्राचे सुटे भाग जोडतायत. चांदणं वाचलं, वेल वाचली, धाकटी जाऊ खिडकीत उभी राहिली ते वाचलं. भाग संपला. ‘पुन्हा वाचा,’ मी म्हणाले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुन्हा वाचलं. मग घरात राहिलेले मागचे अंकही एकेक करून वाचायला लावले. डावा हात कुठं आला नाही. पाळणा कुठं आला नाही. दाराआडून बांगड्यांचा बारीकसा आवाज आला, एवढंच.

यांना काय कळायचं ते कळलं असावं. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘पुढच्या महिन्याला आणू का नको?’

भांडी घासताना धाकटी माझ्याशेजारी बसली. ‘मग तसं का वाचलंत?’

सबबी पुष्कळ होत्या. बायकांना कंटाळा आला होता, सासूबाई तसं बोलल्या होत्या. पण त्या क्षणी सगळ्याच सबबी मला शिळ्या वाटल्या. ‘तुझ्या पोटात मूल आहे म्हणून,’ मी म्हणाले. ‘माझ्या नाही म्हणून.’

ती उठून गेली. पुढं चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या सकाळी तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, डाव्या हातानं केलेल्या. मी आडून मोजल्या. सासूबाईंना ती आता सांगेल, मग सांगेल, म्हणून मी जीव मुठीत धरून होते. तिनं सांगितलं नाही. मला शिक्षा हवी होती आणि ती कुणी देत नव्हतं. फार वाईट गेले ते दिवस.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला महाळुंग्याला निघाली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन येणार होता. जायच्या आदल्या दुपारी ओसरीवर नेहमीच्या बायका जमल्या. मासिकाचा नवा अंक आला होता. मी तो उघडला आणि त्या दिवशी अक्षर न् अक्षर छापलेलंच वाचायचं असं ठरवलं.

‘आक्का, पुस्तक मिटा,’ धाकटी म्हणाली. ‘तोंडी सांगा.’

मी मिटलं.

‘त्या डावरीचं पोर जगवा.’

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझी जीभ, जिला कधी शब्द कमी पडले नव्हते, टाळ्याला चिकटली. वाईट किती भरभर सुचलं होतं! आता एक साधं बाळंतपण मला जमेना. मी चाचरत सांगितलं की ते मूल गेलं ही खोटी बातमी होती, ते जगलं, बाळसं धरलं, उपडं वळलं, रांगायला लागलं.

‘आसं कसं?’ एक जण फणकारली. ‘त्या खाष्टीला बक्षीस व्हय?’

‘ती खाष्ट न्हवतीच,’ धाकटी म्हणाली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, ‘आन् थोरल्या जावंच्या मनात काय व्हतं? तिचं कायच सांगत न्हाई तुमी.’

सगळी सुपं थांबली. आत सासूबाई होत्या, त्यांना ऐकू जात होतं. थोरली सोशिक होती, असं म्हणून मला सुटता आलं असतं. मासिकात तसं छापलेलंही होतं.

‘तिला वाटत होतं,’ मी म्हणाले, ‘ते मूल जगू नये.’

मग आजी सूप खाली ठेवून म्हणाल्या, ‘वाटतं बाई. मला बी वाटलं व्हतं एकदा. सवतीच्या पोराचं.’ आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या बायकांनाही हे ठाऊक नव्हतं.

‘पर पोर जगलं न्हवं?’ धाकटीनं मला विचारलं.

‘जगलं.’

‘मग वाटंना का तिला,’ ती म्हणाली, आणि ज्वारीतला खडा वेचून अंगणात फेकला.

तिला मुलगी झाली. पोर तीन महिन्यांचं झाल्यावर ती परत आली. गाडीतून तिला उतरताना बघून मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. दोन्ही मी तिला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली, पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि भाकऱ्या करायला आत निघून गेली.