गार्डमामाची सूट

गार्डमामा कुठल्याही घोळक्यात सगळ्यांच्या मागे चालत. वरात असो की मयत, दोन पावलं मागे राहून ते एकदा वळून पाहत आणि मगच पुढे येत. नोकरीभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवी झेंडी घेऊन बसलेला माणूस. निवृत्त होऊन केशोरीकडच्या आपल्या गावी परतले, तरी मान वळायची थांबली नाही. बरोबर कुठूनही निघालो की विचारत, "मांगं पायलं का गा? काही रायलं तं नाही?" बहुतेकदा माझा चष्मा राहिलेला असे.

या सवयीमुळेच गावाने त्यांच्याकडे तलावाचा पैसा दिला. मासेमारीच्या लिलावाची रक्कम पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला पडत असे. गावच्या तलाव समितीची नोंदणी कुठल्याशा टेबलावर अडली होती आणि तिच्याशिवाय बँक समितीच्या नावाने खातं उघडेना. तेव्हा समितीचे अध्यक्षच म्हणाले, "गार्डबाबूच्या नावावर टाका. तिथं म्हंजे आपल्याच घरात." ही गोष्ट गावात कुणापासून लपलेली नव्हती. मामा मुद्दल आणि व्याज तोंडपाठ सांगत आणि वर म्हणत, "माझा त्यात कपभर चहासुद्धा नाही."

मी गोंदियात एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. जुलै आला की नातलगांची आयकर रिटर्नं घरच्या कॉम्प्युटरवर भरून देतो. मामांची पेन्शन अशी होती की कर निघायचा, पण उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याने सूट मिळून तो शून्य व्हायचा. त्या वर्षी सूट दाखवणारी ओळ कोरी आली आणि खाली जवळजवळ एकोणतीस हजार कर दिसला.

मला वाटलं, सॉफ्टवेअर चुकलं. नवी आवृत्ती उतरवून घेतली. जन्मतारीख तपासली. नवी करपद्धत काढून जुनी लावली, पुन्हा नवी लावली. पेन्शनचे आकडे परत भरले. ओळ कोरीच. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "मांगून पाय ना बाबू. गाडी अटकली तं मी मांगूनच पुढं जात होतो."

मग मी शेवटच्या ओळीपासून उलटा निघालो. कर, एकूण उत्पन्न, इतर उत्पन्न, व्याज. बँकेने कळवलेलं व्याज आपोआप येऊन बसलं होतं, मामांच्या नावाने. तलावाची ठेव वर्षावर्षाला वाढत गेली होती, आणि या वेळी तिच्या व्याजाने मामांचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं होतं. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, कर भरून टाका. हवं तर त्याच व्याजातून घ्या."

मामांनी पडद्यावरच्या व्याजाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "भरलं तं पैसा माझा हाय असं मीच लिवून देल्यासारखं होते. उद्या मी मेलो तं पोरं म्हनतील, बापाचेच हायेत."

दुसरा एकच मार्ग होता. पैसा गावाचा आहे, असं समितीच्या सहीचं पत्र घ्यायचं, त्याच्या आधारावर ते व्याज वगळायचं आणि विचारणा झाली तर पत्र दाखवायचं. मामांनी पत्र माझ्याकडून लिहून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि बांधाबांधाने निघाले. मीही सोबत होतो. भाताच्या रोवणीचे दिवस होते. समितीतला एक जण वाकल्या वाकल्या म्हणाला, "हात चिखलाचे हायेत गार्डबाबू, मंग करतो." दुसऱ्याचेही हात चिखलाचेच होते.

अध्यक्ष मात्र घरीच भेटले. "सही कायले पायजे? आमचा भरोसा हाय ना तुमच्यावर."

"मंग तोच लिवून द्या."

"कागदावर नाव आलं का टॅक्सवाले आमच्या मांगं लागतीन. तुमाले तं पेन्शन हाय."

तिथून चहाच्या टपरीकडे आलो. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं, आणि मामा नेहमीसारखे माझ्या मागून आले, म्हणून कुणाला दिसले नाहीत. आत एक जण म्हणत होता, "इतके वर्सं चूप होता, आताच कागद काऊन मांगून रायला?" दुसरा हसला. "खाल्ले असन थोडेबहुत."

मामांनी चहा घेतला नाही.

शेवटच्या तारखेला ते गोंदियाला आले. पिशवीतलं पत्र तसंच बिनसहीचं होतं. "भर," एवढंच म्हणाले. कर त्यांनी आपल्या पेन्शनमधून भरला. फोनवर आलेला सांकेतिक आकडा त्यांनी दोनदा वाचून दाखवला, वॅगनचे नंबर वाचत असतील तसा. मी बटण दाबलं.

"झालं?"

"झालं."

"आता कागदावर मी गावाचा पैसा खाल्ला."

पुढच्याच महिन्यात त्यांनी ठेव मोडली आणि गावाची सभा बोलावली. "घ्या. सांगा, आता कोनाच्या नावावर टाकू?" जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागला. शेवटी कुणीतरी म्हणालं, वाटून टाका. घरटी वाटणी झाली, आणि पाळीसाठी काही उरलं नाही. पैसे मिळाल्याच्या कागदावर मात्र सगळ्यांनी सह्या केल्या. त्या दिवशी सगळे हात धुऊन आले होते.

मामा नंतर कुणाच्या वरातीत दिसले नाहीत. मुलाकडे दुर्गला गेले आणि तिथेच वारले. तेराव्याला गावातून एकटे अध्यक्ष आले. जेवून उठताना म्हणाले, "लय भरोशाचा मानूस होता." मी त्यांच्या हातावर पाणी घातलं.

या जुलैत मुलाच्या सांगण्यावरून मामांचं शेवटचं रिटर्न मीच भरलं. ठेव मोडल्यामुळे व्याज किरकोळ होतं. सूट पहिल्याच वेळी आली. कर शून्य. पाठवण्याआधी शेवटच्या ओळीपासून मागे मागे जात मी सगळं एकदा पाहून घेतलं. काही राहिलं नव्हतं.