मुसालावच्या पाठीवरचा नमदा

डोंगरातल्या हिंदाख गावात मशिदीतल्या मुल्लाला दिबीर म्हणत, पण हितिनाव दिबीर नुसता मुल्ला नव्हता. सतरा हिवाळे त्यानं झारच्या सैन्याला खिंडीत अडवून धरलं होतं. पहाटे नमाज पढवायचा आणि उजाडलं की बंदूक घेऊन कड्यावर जायचा. खांद्यात घुसलेली गोळी त्यानं कधी काढूच दिली नाही. लढाई हरून अकरा वर्षं झाली, झारचे शिपाई गावात येऊन बसले, तरी दिबीर दिसला की लोक उठून उभे राहत. तो मान खाली घालून झपझप निघून जाई. काय नम्र माणूस, असं लोक म्हणत. नम्र कसला! त्याला तोंड लपवायचं असे.

मशिदीपुढच्या दगडी कट्ट्यावर पुरुष बसत आणि अगदी टोकाला, एकटा, मुसालाव बसे. त्याच्या काळ्या अंगरख्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढा नमद्याचा, दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा शिवलेला होता. लढाईत कच खाणाऱ्याला किंवा साथीदारांना दगा देणाऱ्याला ही शिक्षा असे. पुढच्या लढाईत मर्दुमकी दाखवली तरच नमदा उतरायचा. मुसालावच्या पाठीवर तो चढला आणि तिसऱ्या दिवशी लढाईच संपली. पुढची लढाई कुठून आणायची? अकरा वर्षं तो तोच अंगरखा आणि तोच नमदा घालून फिरत होता.

त्याच्यावरचा आरोप पाणीचोरीचा होता. बुरुजात वेढा पडला तेव्हा चौदा माणसं होती आणि पाण्याची एकच पखाल. पाणी फक्त जखमींना, असा हुकूम दिबीरानंच काढला आणि पखालीच्या राखणीला मुसालावला बसवलं. सहाव्या दिवशी पहाटे दिबीर त्याच्याकडे आला. "तू नमाज पढून घे, मी बसतो इथं," म्हणाला. मुसालाव आत गेला. दिबीरानं पखालीचं तोंड सोडलं. एकच घोट, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण थांबता येईना. तोंड वर काढलं तेव्हा तळाला जेमतेम ओंजळभर उरलं होतं. दुपारी पोटात गोळी लागलेला उनखिलाव पाणी पाणी करीत गेला. तो दिबीराच्या बायकोचा, हाबिजातचा, पाठचा भाऊ. पाणी गेलं कुठं, असं सगळ्यांनी विचारलं. मुसालाव म्हणाला, "राखण माझी होती." त्यापुढं तो एक अक्षर बोलला नाही. आणि नमदा शिवायचा हुकूम दिला तो दिबीरानंच.

आता मुसालावच्या मुलीचं, मेसेदचं लग्न ठरायला आलं होतं. वरच्या गावच्या गलबात्सला आपल्या मुलासाठी मुलगी पसंत होती, पण व्याह्याची पाठ पसंत नव्हती. शुक्रवारी कट्ट्यावर येतो, दिबीरानं सगळ्यांदेखत खरं काय ते सांगावं, तसा निर्णय घेईन, असा त्याचा निरोप आला.

त्या सकाळी हाबिजात खिंकलच्या उकडलेल्या वड्यांसाठी कणीक मळत होती. "तुम्ही एक शब्द टाका," ती म्हणाली. "माझा भाऊ गेला त्याच्यापायी, पण पोरीनं काय घोडं मारलंय?"

"बघतो," दिबीर म्हणाला.

"बघता काय? तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे इथं?"

लसणीत बुडवलेला खिंकलचा तुकडा दिबीरानं ताटात परत ठेवला. आपल्या भावाचा जीव घेणाऱ्याला ही बाई रोज वाढते आहे, या विचारानं त्याचे कान तापले. तो जेवण टाकून उठला.

नमाजानंतर कट्टा भरला. गलबात्स दांडगा, मोकळ्या तोंडाचा. "दिबीर, मी सोयरीक करायला आलोय, पंचाईत करायला नाही," तो म्हणाला. "पण उद्या माझ्या नातवंडांना कुणी पाणीचोराची पोरं म्हटलं, तर मी कुणाचं डोकं फोडायचं?"

लोक हसले. मुसालाव हसला नाही.

दिबीराला वाट सापडली होती. लाज वाटावी अशी सोपी वाट. तो गंभीर आवाजात म्हणाला, "अकरा वर्षं पुष्कळ झाली. मी मुसालावला माफ करतो. नमदा काढा."

माणसांनी बरं वाटून माना हलवल्या. कुणी कमरेची सुरी काढली. तेवढ्यात मुसालाव उठला. "थांबा," तो म्हणाला. "दिबीर, तुम्ही मला कशाबद्दल माफ करताय?"

मुसालावच्या आवाजात राग असता तर दिबीर कदाचित निसटला असता. राग नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.

"पाणी मी प्यालो," दिबीर म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की गलबात्सनं "काय?" विचारलं आणि त्याला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. "पाणी मी प्यालो. याला नमाजाला पाठवलं आणि प्यालो."

समोरच्या घराच्या छतावर बायका जर्दाळू वाळत घालत होत्या. हाबिजात हातातली परात ठेवून उभी राहिली.

"मला माहीत होतं," मुसालाव म्हणाला. लहानपणी दोघं एकत्र मेंढरं राखायचे, तेव्हासारखा तो एकेरीवर आला. "मी परत आलो तर तुझी दाढी ओली होती, हितिनाव."

"मग बोलला का नाहीस?"

"बुरुजात नऊ बंदुका उरल्या होत्या. सगळे तुझ्या तोंडाकडं बघून उभे होते. तेव्हा कसं बोलणार?"

"आणि नंतर?"

"नंतर तू बोलशील म्हणून वाट बघत होतो."

नमदा गलबात्सनं स्वतःच्या सुरीनं उसवला आणि मुसालावला मिठी मारली. दिबीराला कुणी काही बोललं नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. घरी हाबिजातनं ताट वाढलं, रोज ती त्याच्या हातावर पाणी घाली तो तांब्या ताटाशेजारी ठेवला आणि बाहेर गेली.

पुढच्या शुक्रवारी नमाज दुसऱ्यानं पढवला. दिबीर शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढंच मुसालाव होता. अकरा उन्हाळ्यांनी त्याचा अंगरखा विटून राखाडी झाला होता आणि दोन खांद्यांच्या मधोमध, नमद्याखाली होता तेवढाच, तळहाताएवढा चौकोन नव्यासारखा काळा राहिला होता. दिबीर सजद्यात जमिनीला टेकवलेलं डोकं वर उचले, तेव्हा तेवढाच त्याच्या डोळ्यांसमोर येई.