माहेर: कोंडफणस

दत्ताराम तावड्यांना सख्खी बहीण एकही नाही, आणि तरी भाऊबीजेला त्यांच्या दुकानासमोर बायकांची रांग लागते.

चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरून पाच मिनिटं चाललं की एका चाळीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. झेरॉक्सचं मशीन, दोन कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि दत्ताराम, एवढंच तिथे मावतं. गिऱ्हाईक आत आलं की कोणाला तरी बाहेर यावं लागतं, आणि मशीन हलवता येत नाही म्हणून ते दत्ताराम असतात. पायरीवर उभं राहून ते आतल्या माणसाला सांगतात, "आता एंटर दाबा."

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दत्ताराम परळच्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते. टाइपरायटर गेले, तेव्हा कर्ज काढून त्यांनी सायबर कॅफे टाकला. मोबाइल आले तसा कॅफेही बसला, तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागले. बुडणाऱ्या प्रत्येक होडीतून हा माणूस शेवटच्या क्षणी नेमका दुसऱ्या होडीत उतरला आहे, आणि वर सांगतो की मला पोहता येत नाही.

कॅफे नवा होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी सर्चमध्ये आपल्या गावाचं नाव टाकलं. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं कोंडफणस. यंत्राने उत्तर दिलं की असं काही सापडत नाही. दत्तारामांना ते झोंबलं. आपल्या आईला समोरच्याने ओळख दाखवू नये, तसं झालं. त्याच आठवड्यात त्यांनी कोंडफणस डॉट कॉम हे नाव स्वतःच्या खर्चाने नोंदवून घेतलं. वर देवळाचा फोटो, खाली एसटीच्या वेळा आणि जत्रेची तारीख. ह्या नावाचं भाडं दर वर्षी भरावं लागतं, नाहीतर नाव हातचं जातं. दत्तारामांचा विम्याचा हप्ता चुकला असेल, हे भाडं कधी चुकलं नाही.

मग भाऊबीज आली. कोंडफणसची शेवंती करी रोडला दिलेली. तिने नवं पार्लर काढलं होतं, त्याची कार्डं छापून घ्यायला ती दुकानात आली. सण आहे हे लक्षात येताच तिने तिथल्याच स्टीलच्या ताटलीत निरांजन लावून दत्तारामांना ओवाळलं. आता ताटात घालायला खिशात काही नाही. दत्ताराम म्हणाले, "बस जरा," आणि तासाभरात तिच्या पार्लरचं एक पान बनवून इंटरनेटवर चढवलं. पत्ता, वेळ, फोन, एक फोटो. तळाशी त्यांनी आपल्या मनाने एक ओळ घातली: माहेर: कोंडफणस. त्या ओळीवर बोट ठेवलं की गावाचं पान उघडायचं. शेवंतीने ती ओळ बघितली आणि पार्लरचा फोटो बघायचीच विसरली.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या भाऊबीजेला चौघी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी डझनभर. दादरला पोळीभाजी केंद्र चालवणारी बकुळाक्का, माहीमची शिवणक्लासवाली, पुण्याहून खास गाडीने येणारी श्रेया, जिच्या पाककृती आता परदेशातली माणसंसुद्धा वाचतात. प्रत्येकीचं पान वेगळं, धंदा वेगळा, सासरचं आडनाव वेगळं, आणि तळाची ओळ तेवढी एकच. ओवाळणी म्हणून दिलेलं पान दत्ताराम सांभाळतही आले. कोणाचा फोन बदलला, कोणाचं दुकान हललं, ते स्वतःहून दुरुस्त करायचे. बहीण नसलेल्या माणसाला एवढ्या बहिणी झाल्यावर तो मिरवणारच. ते मिरवायचे.

ह्या वर्षी गणपती उठल्यावर दत्तारामांना एक ईमेल आला, की तुमच्या वेबसाइटचं नाव आम्हाला विकत हवं आहे, किंमत सांगा. आपल्याला आफ्रिकेतल्या राजपुत्राची इस्टेट मिळणार असल्याचे ईमेलही त्यांना येतात, तेव्हा त्यांनी दोन्ही एकाच टोपलीत टाकले. पंधरा दिवसांनी ईमेल पाठवणारा स्वतःच दुकानात आला. विनीत नावाचा तरुण, घामाघूम, हातात लॅपटॉप. दत्ताराम रिवाजाप्रमाणे बाहेर आले आणि तो आत बसला.

"काका, खाडीपलीकडे नवं रिसॉर्ट झालंय ना, मी त्यांचं काम बघतो. सर्चमध्ये वर आणायचं काम."

"मग आणा की वर."

"कसं आणू? कोंडफणस शोधलं की पहिले तुम्ही येता. आम्ही आठव्या नंबरला! इतका पैसा ओतला, शेकडो लिंका विकत घेतल्या, काही उपयोग नाही. तुमचं एसईओ कोण करतं, ते तरी सांगा."

"कोणीच नाही. मी आपला जत्रेची तारीख बदलतो."

विनीतने लॅपटॉप फिरवून दाखवला. कोंडफणसकडे कोणकोणती पानं बोट दाखवतात त्याची रांग होती ती. पार्लर, पोळीभाजी, शिवणक्लास, पाककृती. "काका, लिंक म्हणजे शिफारस. चाळीत नवा डॉक्टर आला तर आपण काय विचारतो? कोणी सांगितलं ह्याचं नाव? सर्च तेच विचारतं. आमच्या शिफारशी भाड्याच्या, त्याला कळतं ते. तुमच्या साठसत्तर आहेत, आणि सगळ्या खऱ्या. ह्या नावाला किंमत आहे ती त्यांच्यामुळे."

मग त्याने ती किंमत सांगितली. दत्ताराम पायरीवर उभे होते ते खाली बसले.

दुसरा कोणी असता तर गुपचूप सही करून मोकळा झाला असता. नाव त्यांचं, भाडं त्यांचं. पण कोंडफणसच्या नावाने काही आलं तर ते मंडळात सांगायचं, ही त्यांची रीत. मंडळ म्हणजे कोंडफणस ग्रामस्थ मंडळ, मुंबई. चिंचपोकळीतच एका चाळीत त्याची खोली आहे. एके काळी गावचे वीसवीस बाप्ये तिथे आळीपाळीने झोपायचे, आता रविवारी सभा भरते. अध्यक्ष राजाराम परब, पोस्टातून निवृत्त, आवाज अजून भरभक्कम. गावातल्या देवळाचा सभामंडप अर्धवट पडून होता आणि त्याच्या सळयांवर कावळे बसत, हे राजारामांचं कायमचं दुखणं. किंमत ऐकून ते उभेच राहिले.

"दत्ता, नावाक काय चाटूचा हा? सभामंडप तरी उभो रवतलो!"

सगळ्या माना डोलल्या. गाव करी ते राव न करी म्हणतात, आणि गावकीच्या शब्दाबाहेर दत्ताराम जन्मात गेले नव्हते. "बरं," ते म्हणाले. पुढच्या रविवारी सह्या करायचं ठरलं.

घरी बांगड्याचं तिखलं होतं आणि तरी ते जेवेनात, तेव्हा ललिताबाईंनी ओळखलं की प्रकरण मोठं आहे. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे शेवंतीच्या पानावर माहेर दाबलं की काय उघडेल?"

"रिसॉर्ट."

"पोहण्याचा तलाव?"

"तोही असेल."

"अहो, ज्यांचं माहेर विकताय, त्यांना विचारलंत?"

"त्या गावकीत नसतात. लग्न झालेली मुलगी सासरच्या गावची."

"ते मला सांगू नका. मीही कुठल्यातरी गावची होते." ललिताबाईंनी त्यांच्या ताटात तिखलं वाढलं. "माझं रानशेवरं शोधून बघा कधी. दगडाच्या खाणीची जाहिरात येते. तुमच्या गावच्या मुली नशीबवान, त्यांना दाखवायला काहीतरी आहे. मी एवढ्या वर्षांत बोलले नाही."

दत्ताराम रात्रभर कूस बदलत राहिले. गावकीविरुद्ध जायची छाती त्यांना नव्हती, पण बहिणींना अंधारात ठेवायचीही नव्हती. सकाळी त्यांनी भाऊबीजेच्या ग्रुपवर साधा निरोप टाकला: 'पुढच्या महिन्यापासून तुमच्या पानावर माहेर दाबलं की रिसॉर्ट उघडेल. मंडळाचा निर्णय आहे. सभा रविवारी चार वाजता. कळावे.' त्यात एक शब्दही विरोधाचा नव्हता. दत्ताराम साधे आहेत, पण तितके साधे नाहीत.

रविवारी चार वाजता खोलीबाहेरच्या गॅलरीत चपलांना जागा उरली नाही. सगळ्यांत पुढे बकुळाक्का, कमरेला पदर खोचलेला. आत विनीत कागद घेऊन बसला होता. राजाराम गडबडले.

"बकुळाक्का, तू खय हय?"

"माझा माहेर विकतास म्हणान आयकलंय. गिऱ्हाईक कोण ता बघूक इलंय."

हसू फुटलं, पण राजाराम हसले नाहीत. लेकींना मान आहे, निर्णयात जागा नाही, ही पूर्वापार चाल असल्याचं त्यांनी सांगितलं. बकुळाक्का त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. ती विनीतकडे वळली.

"बाळा, तुका ह्या नाव कित्याक होया?"

विनीतला खोटं बोलता येत नसावं, निदान तिच्यापुढे तरी. तुमच्या पानांवरच्या त्या ओळींमुळे, असं त्याने सांगून टाकलं.

"म्हणजे किंमत आमच्यामुळे?" शेवंतीने विचारलं.

"सगळी तुमच्यामुळेच, मावशी."

"आणि आम्ही ती ओळ काढायला सांगितली तर?"

विनीतने कागद खाली ठेवला. "मग नुसतं नाव उरेल. त्याला आमचे साहेब एवढे पैसे देणार नाहीत."

खोलीत चुळबूळ झाली. "आणि सभामंडप?" राजाराम ओरडले. "तो कोण बांधणार?"

"वर्गणी आमच्याकडे कधी मागितलीत?" बकुळाक्का म्हणाली. मागितली नव्हती खरीच. गावच्या लेकींकडून वर्गणी घ्यायची नाही, ती दुसऱ्या घरची, हा मंडळाचा दंडकच होता. ह्याला मंडळी आजवर मोठेपणा समजत आली होती. लेकी त्याला काय समजत होत्या, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"आणि राजाराम, तुझ्या मृणालिनीच्या पानारय ती ओळ आसा," बकुळाक्काने सांगितलं.

मृणालिनी राजारामांची एकुलती एक मुलगी, ठाण्याला गणिताचे क्लास घेते. तिचं असं पान आहे हे बापाला माहीत नव्हतं. त्यांनी दत्तारामांकडे पाहिलं. दत्तारामांनी मोबाइलवर पान उघडून पुढे धरलं. राजारामांनी चष्मा लावला. लेकीचा फोटो, क्लासची वेळ, सासरचं नाव, आणि तळाशी ती ओळ. त्यांनी ओळीवर बोट टेकलं, तर देऊळ उघडलं, सळयांसकट.

"हिने कधी सांगितलं नाही मला," ते अगदी हळू म्हणाले.

"तुम्ही विचारलं नसेल," दत्ताराम बोलून गेले. गावकीसमोरचं त्यांचं आयुष्यातलं हे पहिलं उलट उत्तर. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, आणि बरंही वाटलं.

राजारामांनी चष्मा पुसला आणि उठून देवाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला. मग सभा मोडताना घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, फक्त शब्द नेहमीचे नव्हते. "बा देवा म्हाराजा! कोंडफणसाचा नाव आजपर्यंत जेंनी राखला, त्या तुझ्या लेकीबाळींका सुखात ठेव. त्येंचा माहेर हयच रवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून बाप्ये म्हणाले, आणि गॅलरीतून बायका त्यांच्याहून मोठ्याने म्हणाल्या.

विनीतला चहा आणि नारळाच्या वड्या मिळाल्या. निघताना त्याने हळूच विचारलं, "काका, निदान रिसॉर्टची एक लिंक तरी?"

"ओळ फक्त लेकींना. तुमची बायको कुठली?"

"नाशिकची."

"मग कठीण आहे," दत्ताराम म्हणाले. तरी नंतर त्यांनी 'गावात राहण्याची सोय' असं एक पान केलं. त्यात आधी गावातल्या तीन घरगुती खानावळी आहेत आणि सगळ्यांत खाली रिसॉर्ट.

दिवाळीचा पाडवा आला. ललिताबाईंनी पाट मांडला, दत्तारामांना ओवाळलं आणि साडीची वाट बघत तबक पुढे धरलं. दत्तारामांनी तबकात साडीऐवजी मोबाइल ठेवला.

रानशेवरे. वर एक पाणंद, टोकाला कौलारू घर. फोटो थोडा वाकडा होता, मेव्हण्याकडून घाईत मागवलेला. खाली एसटीच्या दोन वेळा. ललिताबाई बोटाने पान वर सारत तळाशी पोचल्या. तिथे लिहिलं होतं: ह्या गावची लेक: ललिता, चिंचपोकळी.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. डोळे पदराने पुसले, आणि तिथल्या तिथे भावाला फोन लावला.

"दादा, आपल्या गावच्या मुली कुठे कुठे दिल्यात, त्यांचे नंबर काढ. सगळ्यांचे. हो, आत्ताच. उद्या भाऊबीज आहे."