गोळी सोड्याचं शेवटचं वर्ष

"शेवटचं वर्ष टाक," मंदार सर म्हणाले. "पॅनेल प्रिंटला जायचंय."

"सर, तो बंद झालेला नाही. कालच भद्रकालीत प्यायले मी."

मंदार सर आमच्या डिझाइन एजन्सीचे मालक. मी तिथे मजकूर लिहिते. एका कोल्ड्रिंक कंपनीने नाशिकच्या प्लांटमध्ये पाहुण्यांसाठी गॅलरी करायचं काम आम्हाला दिलं होतं. विषय, फसफसत्या पेयांचा इतिहास. अशा भिंतीला आम्ही टाइमलाइन म्हणतो. वर्षं डावीकडून उजवीकडे सरकतात आणि प्रत्येक पॅनेलवर सुरुवातीचं व शेवटचं वर्ष असतं. पहिल्या पॅनेलवर बिअरच्या पिंपावर पाण्याचं भांडं धरून त्यात वायू मुरवणारा इंग्रज. शेवटच्यावर कंपनीचा नवा कॅन. कॅनला अर्थातच शेवटचं वर्ष नव्हतं. नाशिकच्या गोळी सोड्याला मात्र हवं होतं.

गोळी सोड्याची बाटली जाड काचेची, गळ्यात काचेची गोटी. आतला वायू गोटीला वरच्या रबरी रिंगवर दाबून धरतो. तेच बूच. अंगठ्याने गोटी आत ढकलली की बाटली उघडते.

वसंतकाका नाशिकच्या भद्रकाली भागात हा सोडा भरायचे; शहरात भरणारे आता तेच एक उरले होते. धंद्याची रीत एकच. सोडा विकायचा, बाटली नाही. टपरीवाला रिकाम्या बाटल्या परत करतो, काका त्या हातगाडीवरून आणून, धुऊन पुन्हा भरतात. बाटल्या फिरत्या राहिल्या तर कारखाना चालू.

मी फोटोसाठी गेले तेव्हा ते बनियनवर होते.

"इतिहासात घालतेस का मला?"

"नाही काका, वर्तमानात."

"मग असाच काढ. इतिहासात जायचं असतं तर शर्ट घातला असता."

क्लायंटच्या मीटिंगमध्ये ब्रँड मॅनेजर नेहा मॅडम म्हणाल्या, "अगं, आमच्याच भिंतीवर दुसऱ्याचा माल चालू आहे असं कसं दाखवणार?"

"हातगाडी ढकलणाऱ्या म्हाताऱ्याची भीती वाटते का कंपनीला?"

मंदार सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला. खोटं वर्ष छापणार असाल तर मी काम सोडते, म्हणाले. शेवटी ठरलं, सुरुवातीच्या वर्षापुढे रेघ आणि त्यापुढे जागा रिकामी. मला वाटलं, जिंकले.

गॅलरी तयार होत आली तेव्हा काकांचा फोन आला. "पोरी, टपऱ्यांवरून रिकाम्या येईनात. फुटल्या म्हणतात. एवढ्या कशा फुटतील? कोणीतरी भाव देऊन उचलतंय. तुला काही कळलं तर सांग. बाटल्या नाहीत तर भरू कशात?"

दुसऱ्या दिवशी पॅनेलं तपासायला प्लांटवर गेले. वर बघितलं. छताला झुंबर लावलं होतं, गोळी सोड्याच्या बाटल्यांचं. प्रत्येकीत एक पिवळा दिवा. काचेवर उठवलेली अक्षरं दिव्यामुळे छान वाचता येत होती: वसंत सोडा, नाशिक.

डेकोरेशनवाल्याने त्या बाटल्या भंगारवाल्यांकडून घेतल्या होत्या. भंगारवाल्यांनी टपऱ्यांकडून. बिलं रीतसर होती. कोणी चोरी केली नव्हती.

मी नेहा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना ते खरंच लागलं. मग डेकोरेशनवाल्याला बोलावून म्हणाल्या, "उतरवा आणि परत द्या."

"देतो की," तो म्हणाला. "पण वायर घालायला प्रत्येकीच्या बुडाला भोक पाडलंय, मॅडम."

भोक पडलेल्या बाटलीत वायू राहत नाही. पाणीही राहत नाही. झुंबर तिथेच राहिलं. भरपाईचं पत्र मुख्य कार्यालयाकडे गेलं, अजून तिथेच आहे. नव्या बाटल्या लांबून मागवाव्या लागतात, आणि ते काकांच्या आवाक्यात नव्हतं. त्यांनी मशीनवर गोणपाट टाकलं.

उद्घाटनाला त्यांना शाल-श्रीफळाचं आमंत्रण होतं. येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

झुंबराखाली उभं राहून त्यांनी आपलं नाव वाचलं. मग भिंतीवरची रिकामी जागा बघितली.

"एवढी भांडलीस म्हणे हिच्यासाठी," ते म्हणाले. "भरून टाक आता."

मी भरली नाही. आठवड्याभरात कंपनीने तिथे चालू वर्षाचा स्टिकर लावला. आकडा बरोबर होता, त्यामुळे मला हरकत घेता आली नाही.

खोटं छापणार नाही म्हणणाऱ्याशी वाद घालायची गरज नसते. ते खरं होऊ दिलं की पुरतं.