गिनती चालू असताना विचारलं

राळेगावात अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटर आली की आतली जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, हे त्यांचं काम. तार गुंडाळायच्या मशीनचा वेढे मोजणारा काटा कधीचाच बिघडलेला, म्हणून ते तोंडातल्या तोंडात मोजत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. काही विचारलंच, तर नुसती मान हलायची, हो किंवा नाही. बडबडी गिऱ्हाइकंही मुकाट बसायची, कारण गिनती चुकली की मोटर पुन्हा जळणार.

कापसाची ती वर्षं भलती वाईट होती. नवी मोटर घेतो कोण! लाइटीचा काही नेम नाही, एकच मोटर एका हंगामात दोनदा जळून यायची. अब्बा प्रत्येकाला सांगत, "माही पोरगी इलेक्ट्रिकल करनार हाये. मोटर घडीघडी काहून जळते, थे मले तीच सांगन."

आणि मला हवं होतं कॉम्प्युटर! शाळेतल्या कॉम्प्युटरकडून एकदा मी हजारापर्यंत आकडे मोजून घेतले होते, एकही न चुकता. तेव्हापासून दुसरं काही सुचतच नव्हतं. मार्क दोन्हींना पुरत होते. पण अब्बांना सांगू कशी?

इंजिनीअरिंगच्या फॉर्मवर पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस आला. मी मोठी अक्कल लढवली. अब्बा गिनतीत आहेत हे बघूनच दुकानात शिरले. म्हटलं, आता ना रागावता येईल, ना समजावता येईल.

"अब्बा, पयले कॉम्प्युटर टाकू काय?"

मान हलली नाही. हात थांबला. जन्मात पहिल्यांदा अब्बा गिनतीच्या मधे बोलले.

"आत्ताच काहून विचारलं व? मले बोलता येत नाही म्हनून?"

चोरी पकडली गेली. मला इतकी लाज वाटली की रडूच फुटलं.

"रडू नको. तुले काय पायजे, थे सांग."

"कॉम्प्युटर."

"मंग जा, थेच टाक. मोटर काहून जळते, थे मी इचारीन दुसऱ्या कोनाले."

दाराशी जाऊन मी वळून पाहिलं. अब्बांनी गुंडाळलेली सगळी तार उलटी सोडली होती. मग त्यांचे ओठ हलायला लागले, पुन्हा एकपासून.